लांडगा थांबलाय

न्हाय न्हाय, तितं नका बसू, त्या खुर्चीचा पाय हालतोय — हितं पलंगावर बसा. आरोही येतीयच की. तुमच्यासाठी कडक भाकरी आन् शेंगाची चटणी बांधून घ्यायला गेलीया गाडीवर. जाताना म्हनली, आजी, पुण्याचं साहेब आलं तर बसवून घे, च्या दे, आन् बडबड करू नको. बगा! आपल्या आजीला सांगती. आता च्या व्हईस्तवर मानसानं काय भित्तीकडं बगत बसायचं व्हय? साखर चालती न्हवं? तर तिचा खेळ तुमी बाजारात आननार म्हनं. लई बरं झालं. तीन वर्सं पोरगी ह्या खोलीत कोंडून घिऊन चित्रं काडतीया. नोकरी सोडली तवा तिचा बाप, आमचा सिद्धराम, आठ दिस नीट जेवला न्हाय. मी म्हनलं, आरं, आमी जलमभर मेंढरामागं हिंडलो, कुनी इचारलं का कशापायी हिंडता म्हनून? तिला बी हिंडू दे की तिच्या खेळामागं.

हसू नका, मला समदं ठावं हाय त्यातलं. वाचता येत न्हाय, पन बोट फिरवाय येतं. रान आसतं, रानाला चौकोनी घरं पाडल्याली, आपली चार मानसं. आदी आपन चालायचं, मग लांडग्यांनी. लांडगं तरी कसं — घोड्याएवढं, डोळ्यात निळा जाळ, मानसावानी बोलत्यात. आन् कोपऱ्यात बटन हाय, चाल संपली म्हनून. त्ये दाबल्याबिगर लांडगा हालत न्हाय! दात काडून उबा ऱ्हातो, पन आपली चाल व्हईस्तवर पाय उचलत न्हाय. पयल्यांदा बगितलं तवा मी खदाखदा हसले. म्हनलं आरोही, आसलं शानं लांडगं कुटनं धरून आनलंस गं? आमच्या रानात एक बी न्हवता.

पन त्ये लांडगं चालत्यात कसं, त्ये मी शिकवलंय बरं का. आरोहीचं लांडगं आदी येड्यावानी सरळ अंगावर यायचं. म्हनलं, आसं न्हाय बाई, लांडगं जोडीनं येत्यात. एक म्होरनं येतो, मुद्दाम दिसतो. कुत्रं त्याच्यामागं, मानूस बी त्याच्यामागं. दुसरा गप पडून ऱ्हातो, मागनं येतो. पोरीनं गळ्यात मिठीच मारली, म्हनली आजी, ह्येच पायजे व्हतं मला! आन् आवाज भरून घ्याय फोन ठिवला म्होरं, बोलत ऱ्हा म्हनली. मी बोलत ऱ्हायले. म्हाताऱ्या मानसाला कुनी ऐकनारं गावलं की त्याची जीभ थांबती व्हय? चार दिस बोलले. काय काय बोलले, माझं मलाच ध्यानात न्हाय ऱ्हायलं.

तुमी तिसरी लढाय खेळला का? खेळला. काय म्हनता — समद्यात भारी तीच हाय? आसंल बाबा. मला तिचंच बोलायचंय तुमच्यासंगं, आरोही यायच्या आत. ती तेवढी काडून टाका. दुसऱ्या धा लढाया हायत की. तुमी सांगितलं तर ऐकंल ती, माझं ऐकत न्हाय. तोंड उगडून सांगाय मला बी येत न्हाय तिला, ती म्हनंल का, आन् का म्हनलं की मी काय सांगू?

बरं, आयका. त्यातली ती बाय, केरा, ती मीच की. नाव बी माझंच ठिवलंय. डाव्या अंगाला देवाचं कोकरू, डोक्यावर दिवा पेटल्यालं, उजव्या अंगाला बाभळीला झोळी, झोळीत लेकरू. केरा एका चालीत चार घरं चालती. कोकरापशी म्होरचा लांडगा दिसतो. कोकराकडं गेलं की मागचा निगतो, झोळीकडं. झोळीकडं गेलं की कोकरू जातंय, आन् कोकरू गेलं की देव कोपतो, समदा कळप मरतो. आन् काठीवाला, तिचा नवरा, त्यो लांब टेकाडावर मेंढरांपशी, तीन चालीत कोकरापशी बी येत न्हाय, झोळीपशी बी न्हाय. व्हय, त्याला बी ह्यांचंच नाव दिलंय. तुमी घेतलं बरं झालं, मी न्हाय घेत त्यांचं नाव. साट बारी खेळले आसंल मी. दोन्ही न्हाय वाचत. आरोहीला इचारलं तर म्हनती, आजी, वाचतच न्हाय, तसंच केलंय, कारन तसंच घडलं न्हवं का?

घडलं तसंच. पन्नास वर्सं झाली. सांगोल्याकडलं रान, उनाचं दिस. आमचा पोरगा बिरू, सात महिन्याचा. आदीची दोन न्हाय जगली, म्हनून बिरोबाला नवस बोलल्याला, पोर जगू दे, पांढरं कोकरू दीन. आन् ह्यांनी सकाळी जाताना बजावल्यालं, त्या कोकराला डोळ्याआड करू नको, त्ये देवाचं हाय. लांडगा दिसला आन् कोकरू वरडलं. पोरगं वरडलं न्हाय हो — झोपल्यालं. वरडलं त्याच्यामागं पळाले मी. हातात धोंडा घिऊन पळाले, लांडगा हाकलला, कोकरू काकंत मारलं आन् मागं वळले. झोळी हालत व्हती नुसती. वाऱ्यानं हालावी तशी.

ह्यांना म्हनलं, मी पान्यावर गेल्याली. कोकरू माझ्यामागं पान्यावर आलं म्हनून वाचलं. मेंढक्यांच्या समद्या वाड्याला त्येच सांगितलं, माझ्या आयला त्येच, सासूला त्येच. काय सांगू दुसरं? पोराला सोडून कोकरामागं पळाले म्हनू? नवस पोरापायी, आन् पोरापरीस नवस मोटा झाला मला? ह्यांनी एका शबुदानं इचारलं न्हाय. तितं घागर पडल्याली, कोरडी ठनठनीत, ती उचलून उभी केली आन् बिरूला हुडकाय गेलं. म्हैन्यानं कोकरू देवाला दिऊन आलं. पोर न्हाय, तरी नवस फेडला. मी म्हनलं देवानं राखलं माझं, ह्यांना कळलं न्हाय. त्यावर संसार केला. सिद्धराम झाला, नातवंडं झाली.

आन् आता त्या पोरीनं माझाच आवाज घातलाय त्यात! लढाय सुरू झाली की मीच बोलते, फोनवर बोलल्यालं — वरडलं त्याच्यामागं पळाले मी. तिला काय ठावं ही बाब घरात कुनाला म्हाईत न्हाय? तिला वाटलं आजीची गोष्ट. ऐतवारी गावाकडनं समदी येनार, मोट्या टीव्हीवर लावनार हाय ती. आरोहीचा आजा म्होरच्या खुर्चीत बसनार. साहेब, ऐंशी वर्साचा मानूस हाय. त्यानं आता ऐकावं व्हय त्ये? माझ्याच तोंडनं? मी काय करू सांगा. फोडून टाकू का त्ये मशीन? लेकीवानी नात हाय, तिची तीन वर्सं हायत त्यात. मला कुनीकडनं वाटच न्हाय.

थांबा, दावते तुमाला, म्हंजे कळंल. ह्यो घ्या टॅब, ह्येच्यावर बी हाय. घरात एकेकाला एकेक चित्र दिलंय तिनं, मला वाचता येत न्हाय म्हनून; आपलं चित्र दाबलं की आपला खेळ उगडतो, सोडला व्हता तितनं. चूल माझी. घोडा आरोहीचा. घोंगडी आज्याची, पन ती रिकामी आसंल, त्यांना दिसतं कमी, त्ये हात बी लावत न्हाईत. त्ये खाली बागंत बसत्यात म्हाताऱ्यांसंगं. चूल दाबा — आवं, घोंगडी दाबली तुमी. मागं या.

आं? ह्ये काय उगडलं?

तिसरीच की ही. ह्यो लांडगा झोळीपशी उबा, ही केरा, काकंत कोकरू, टेकाडाच्या अंगाला. आरोहीनं खेळून ठिवलं आसंल. न्हाय? आज्याचंच म्हनता? काय लिवलंय तितं, वाचा की. एकशे चाळीस बारी? त्यांनी? कवापास्नं — दसऱ्यापास्नं!

म्हंजे ऐकलंय त्यांनी. एकशे चाळीस बारी ऐकलंय माझ्या तोंडनं. आन् सकाळ-संद्याकाळ माझ्या हातची भाकरी खाऊन, मीठ बराबर हाय म्हनत्यात.

आन् ह्यो काठीवाला हितं कसा? टेकाडावर आसतो की त्यो. झोळीकडं तर गेल्याला दिसत न्हाय. सरळ केराकडं आलाय. तिच्या शेजारच्या घरात उबा हाय, चिकटून. आन् म्होरची चाल? दिलीच न्हाय? बटन दाबायचं ऱ्हायलंय? ऱ्हायलं न्हाय हो. त्यांनी दाबलंच न्हाय. एकशे चाळीस बारी खेळून आता लांडगा थांबवून धरलाय मानसानं.

मग घागर कोरडी व्हती त्ये बी दिसलंच आसंल की तवा. पन्नास वर्सं. आन् मी मेली म्हनते, कळलं न्हाय.

न्हाय, हात नका लावू! बटन दाबू नका, तुमच्या पाया पडते. तसंच मिटवा, तसंच ठिवा उशापशी, घोंगडी वर दिसाय पायजे, जसं व्हतं तसं. आरोहीला काय बी सांगू नका. लढाय काडा म्हनू नका, ठिवा म्हनू नका. काय बोलूच नका तुमी. च्या घ्या, गार झाला त्यो. घ्या आन् निगा, तिला खालीच गाठा. गप. जिन्यात काठी वाजतीया.

आलासा व्हय. बसा. पानी आनते.