तीन कोटींचा माणूस

(दारव्ह्याजवळच्या गावात भगवानराव आणि त्यांची बायको लीलाबाई यांच्या घराची ओसरी, रविवारची सकाळ. आतल्या दोन्ही खोल्या कापसानं छतापर्यंत भरलेल्या. यवतमाळला टॅक्सवाल्या वकिलाकडं कामाला असलेली पुतणी सुरभी आली आहे.)

भगवानराव : ...मंग शाळेच्या सभेत म्या माईकच हातात घेतला. म्हणलं, शाळेतल्या पोरींच्या नव्या खोलीचे अकरा लाख एकटा भगवान देते, चंदा बंद करा. हेडमास्तरीण विमलताईच्या डोयात पाणी आलं. पाच मिनिटं टाळ्या.

लीलाबाई : दोन. मी तिथंच बसून होती. मले कोणी इचारलं नाई.

सुरभी : मोठेबाबा, अकरा लाख आहेत?

भगवानराव : पोरी, बायपासवाल्या वावराची किंमत दलालानं परवाच तीन कोटी सांगितली. अकरा लाख म्हंजे नुसता धुरा झाला त्याचा, कडंचा बांध.

लीलाबाई : वावर इकून राह्यले का?

भगवानराव : कायले इकू? पेराचं कुठं मंग?

सुरभी : आणि विकलं तरी अर्धं माझ्या बाबांचं आहे.

भगवानराव : थे मले माईकवर ध्यानात नाई आलं.

सुरभी : आमच्या ऑफिसात रोज येतात असे. कागदावर कोटी, आणि चहाचे पैसे माझ्याकडून. मोठेबाबा, मालमत्ता किती हे वेगळं, दान किती देता येईल हे वेगळं. सांगा बरं, काय काय आहे?

भगवानराव : घर हाय.

लीलाबाई : राहाचं कुठं?

भगवानराव : ट्रॅक्टर हाय. इची सोन्याची पोत हाय...

लीलाबाई : माह्या पोतीचं नाव काहाडू नका.

भगवानराव : बरं, पॉलिसी हाय.

सुरभी : ती दोन हजार बत्तीस साली मिळते. आधी पाहिजे असेल तर तुम्हाला मरावं लागेल.

भगवानराव : मंग टाळ्या कोण ऐकन?

सुरभी : आणि हा कापूस?

भगवानराव : बावन्न क्विंटल. नऊ हजार भाव झाल्याबिगर हात लावू देत नाई.

लीलाबाई : चार महिने झाले, त्याच्यापायी ओसरीत झोपून राह्यलो. अंगभर खाज. डॉक्टर म्हणे, कायची अ‍ॅलर्जी हाय बाई? म्हणलं, नऊ हजारांची.

सुरभी : आज सात हजारानं दिला तर तीन लाख चौसष्ट हजार. त्यातून बियाणं, खत, मजुरी, तुमच्या कपिलचं कॉलेज, तुमचं वर्षभराचं खाणंपिणं... चाळीस हजार उरतात.

भगवानराव : चाळीस? तीन कोटींचा माणूस अन् चाळीस हजार? गावात तोंड कसं दाखवू?

लीलाबाई : आता ऐका. म्या सातवीत शाळा सोडली. खोली गळे, पोरींले बसाले जागा नव्हती, बाबा म्हणे घरीच राय. आजई थेच खोली हाय, थशीच गळते. थे नवीन झाली पाह्यजे. टाळ्या गेल्या खड्ड्यात.

भगवानराव : मी कुठं नाई म्हणतो?

लीलाबाई : मंग कापूस आजच इका. यंदा चाळीस द्या. पुढं दरसाली कापूस इकला का पह्यले शाळेचे, मंग आपले. आन् विमलताईले फोन तुमीच करा. म्हणा, चुकलं माहं, बाकीच्याइचा चंदा चालू करा.

भगवानराव : लोकं हासतीन वं.

लीलाबाई : हासू द्या. हासता हासता पाचपाचशे तरी देतीन.

भगवानराव : ...गाडीवाल्या भावसिंगले सांग सुरभी, गाडी घेऊन ये म्हणा, कापूस भराचा हाय. आन् फोन लाव विमलताईले. दे इकडं. हॅलो, ताई, भगवान बोलतो. थे अकरा लाखाचं... नाई ना, चाळीस हजार. हो, हजारच. यंदाचे. चंदा चालू करा म्हणतो... हो का? कधी?... बरं. बरं ताई.

लीलाबाई : रागावली का?

भगवानराव : नाई. चाळीस घेतो म्हणे, चंदाई उद्यापासून चालू करतो.

लीलाबाई : मंग तोंड काहून उतरलं?

भगवानराव : जुनी खोली काल पाडली म्हणे, जेसीबी लावून.