हार्टचा रकाना

न्हाई मॅडम, तसं न्हाई — ह्यांच्या कागदावर तुमी 'नाही'वर खूण केली ना, ती चुकली, तेवढंच सांगायला परत आले. ह्यांना ईसीजीच्या रांगेत बसवलंय, बावीस नंबर, आत्ता चौदावा चालू आहे, म्हणजे वेळ आहे. बसू का? बसते. हाच तो कागद — एचआयव्हीवाल्यांना हार्टचा धोका किती ते काढायचा. वय विचारलं, छत्तीस. तंबाखू विचारली, हे म्हणाले कधीमधी — सकाळी तोंड धुवायच्या आधी आणि मग दिवसभर, ते कधीमधी, तसंच लिहून घ्या. पोटाला टेप लावली तर श्वास ओढून उभे राहिले, जशी काय पोलीस भरतीच आहे. मग विचारलं, वडील कशानं गेले? हे म्हणाले, हार्टनं. आणि तुमी जराशा हसल्या — वाईट न्हाई, मायेनंच — आणि 'घरात कुणाला हार्टचा आजार' ह्या रकान्यात 'नाही'वर खूण केली.

काहून ते कळलं मला. ह्या खोलीत हार्टनं गेलेला माणूस हार्टनं गेलेला नसतोच. कुणाचा भाऊ हार्टनं, कुणाचा दीर हार्टनं. तसं सांगितलं की मयतीला चार माणसं येतात, घरातलं पाणी पितात. पण माझे सासरे, नरसिंगराव, खरोखरच हार्टनं गेले. सेहेचाळीसचं वय, कळमनुरीच्या बाजारात लसूण घेऊन बसले होते, थंडीचे दिवस आणि घाम फुटला, डावा हात धरून बसल्या जागी कलंडले. डॉक्टरकडं नेलं, ईसीजीची एक पट्टी काढली, दुसरी काढायच्या आत संपले. ती पट्टी आत्याबाईंनी, ह्यांच्या आईनं, बारा वर्षं पेटीत जपली. आणलीय मी, ही बघा — व्हय, पांढरी पडलीय. रेघा उडाल्या. उजेडाला धरून बघा ना. न्हाई दिसत? मलाही न्हाई दिसल्या. आत्याबाईंना सांगितलं न्हाई मी, त्यांना तशीही नजर कमी आहे.

म्हणजे आता सगळं माझ्या शब्दावर आलं. हे काही बोलायचे न्हाईत — हळदीचं पोतं उचललं की चार पावलांवर थांबतात, छातीवर हात जातो, मला बघितलं की म्हणतात, चपलेत खडा गेला. रोज खडा? मी चप्पल झटकून बघते, कधी काही निघालं न्हाई. सहा महिने झाले लग्नाला, पॉझिटिव्ह लोकांच्या मेळाव्यात जमलं आमचं. दोघांच्या गोळ्यांची वेळ एकच, पत्रिकेत एवढं तरी जुळलं. गोळ्यांनी माणूस जगतो हे तुमीच सांगितलं — मग जगलेला माणूस चपलेतल्या खड्यानं जाऊ द्यायचा? तिथं 'हो' असलं तर नांदेडला मोठ्या डॉक्टरकडं पाठवता म्हणे. मला तेवढं 'हो' पाहिजे. एकदा पांढरं लुगडं बघून झालंय माझं.

माझा कागद काहून काढला? — व्हय. अक्षर तुमचं, पण बोल माझेच. 'पती मयत, कारण हार्ट.' चार वर्षं झाली. तेव्हाही अशाच हसल्या होत्या तुमी. बोअरच्या गाडीवर होते ते, आठ-आठ महिने आंध्रात, परत आले ते नुसती हाडं घेऊन. तिकडची सासू म्हणाली, हार्ट म्हण, मी म्हटलं. अख्ख्या पुसेगावाला म्हटलं. मग माझी तपासणी झाली, तर तीच सासू ओट्यावर बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं — माझं पोरगं तर हार्टनं गेलं, मग हिनं कुठून आणलं? हार्ट म्हणणारं तोंड तर माझंच होतं. माझी आईसुद्धा — ताट वेगळं ठेवत न्हाई ती, जेवायला जवळच बसते, पण डोळ्याला डोळा देत न्हाई. ह्यांनाही हार्टच सांगितलंय. हे म्हणाले, मागचं मागं. चांगले आहेत हो. पण मागचं मागं म्हणजे त्यांनीही धरलंच की मनात, हिनंच कुठून तरी —

जाऊ द्या. हे सांगायला न्हाई आले मी.

एका तोंडची दोन हार्ट, एक खरं, एक खोटं, तुमी तरी काय धरणार? मग असं करा, पेन घ्या. माझ्या कागदावरचं हार्ट खोडा. माझे पहिले घरवाले, जळबा, एड्सनं गेले. लिहा. माझ्या घरवाल्याकडून मला लागण झाली, तेही लिहा. कधी मोठ्यानं बोलले न्हाई ना, आवाज बघा कसा निघाला. — खोडलं? आता ह्यांच्या कागदावर 'हो'. जरा ठळक करा, खालची खूण दिसून राहिली.

एकविसावा पुकारला, जाते मी. ह्यांना तुमी काही बोलू नका. मीच सांगेन, बसमध्ये, न्हाईतर घरी. ती पट्टी द्या इकडं. आत्याबाई विचारतील. सांगते, मॅडमनी वाचली, म्हणाल्या, बराबर आहे.