डॉक्टर जत्रेतच होते

चैत्रातली दुपार, दोनचा सुमार, ठिकाण पोहरादेवीची जत्रा. मी वाशीमहून माझ्या जुन्या मोटारसायकलवर बातमीसाठी नुकताच पोचलो होतो, तोच सखाराम नावाचा शेतकरी धावत आला. बाजूच्या बाभळीखाली त्याची बायको ऊन लागून बेशुद्ध पडली होती, कपाळावर ओली पट्टी ठेवलेली.

"साहेब, इथं डाक्टर दिसून नाई राह्यला. मानोऱ्याहून आना!"

मी किकवर किक मारत सुटलो. आमची ही बया थंड असली की एका किकेत बोलायची, तापली की मुकी. पेट्रोल कार्ब्युरेटरमध्येच उकळायचं.

शेजारचा पंक्चरवाला कादरभाई ओरडला, "कायले लाथा मारून राह्यले, रिपोर्टरसाहेब? तिले बी ताप आला. ओली पट्टी ठेवा!"

तो चेष्टा करत होता, पण उपाय खरा होता. सखारामने बायकोच्या कपाळावरची पट्टी उचलली आणि कार्ब्युरेटरवर गुंडाळली.

"अरे, तिच्या डोक्यावर राहू दे ती!"

"गाडी निघन त डाक्टर येईन. तुमी मारा किक."

थोड्या वेळात गाडी सुरू झाली. मानोऱ्याच्या दवाखान्याला कुलूप होतं. पायरीवरचा शिपाई म्हणाला, "डाक्टर त सकाळीच जत्रेत गेले. तिथंच नेमलं ना त्याइले."

मी परतलो तेव्हा ती गेली होती. पट्टी माझ्या गाडीवरच सुकली होती.

मी बातमी छापली, वर अर्ज केले, कचेरीत जाऊन भांडलो. त्या दुपारी डॉक्टर जत्रेत कुठं बसले होते, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.