माजलेल्या पेशी

हसू नका, पण माझी पीएचडी आमच्या आष्टीच्या कपाशीनं वाचवली.

लॅबमध्ये काचेच्या बशीतल्या हिरडीच्या पेशींना मी ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीचं प्रथिन, देत होते. पेशी भराभर वाढायच्या, पण हिरडी घट्ट धरणारं जाळं काही विणायच्या नाहीत. गाईड म्हणाले, "विषय बदला." रडकुंडीला येऊन बाबांना फोन लावला.

"म्हंजे नुसता पाला वाढून राह्यला, बोंड न्हाई?"

"तसंच."

"माजली बाई ती. खत कमी कर."

मी डोस निम्म्यावर आणला. दोन आठवड्यांत बशीभर जाळं. गाईड दोनदा चष्मा पुसून बघत होते. तिथूनच फोन केला, "बाबा, बोंडं लागली."

"मंग? एवढ्यासाठी पीएचडी लागती व्हय?"