उद्यापनाचे गहू

बायांनो, दान देताना माझ्याइतका घोर कुणाला लागला नसेल. सून लातूरला माहेरी, दिवस भरलेले. तिच्यासाठी मी सोमवार धरले होते, दिवेलागणीपर्यंत मौन. शेवटच्या सोमवारी महादेवाच्या खिरीचे गहू निवडून डब्यात भरले, तोच शाळेच्या बाई पोरं घेऊन दारात.

"काकू, वृद्धाश्रमासाठी धान्य गोळा करून राहिलो."

मी कोपऱ्यातलं पोतं दाखवलं. पोरांनी डबाच उचलला! मी घाबरून दोन्ही हात हलवले.

"बघा रे, काकू सगळंच न्या म्हणून राहिल्या! पोतं बी घ्या!"

बोलावं तर मौन मोडतं, गप्प बसावं तर नैवेद्य जातो. सुनेचा चेहरा आठवला अन् ओठ घट्ट मिटले.

दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. दिवा लावला अन् लेकाचा फोन आला. "आई, मुलगी झाली! दोघी बऱ्या हायेत."

तरी उद्यापन राहिलंच की! सकाळी डबा मागायला शाळेत गेले. मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "काकू, तुमच्या गव्हाची आश्रमातल्या आज्यांनी कालच खीर केली. सोमवार म्हणून आधी महादेवाला दाखवली."

मी म्हटलं, "डबा जपून ठेवा. बारशाला आज्यांसाठी पुन्हा भरायला येते."