‘तोंदरे एनु, अम्मा?’

उठू नगासा आप्पा, च्या निम्मा ऱ्हायलाय — फोनची तार पुना तपासलासा न्हवं? चांगली हाय? व्हय, मागच्या मंगळवारीबी चांगलीच हुती, त्येच्या आदल्या खेपंलाबी. चिकोडीस्नं निपाणीला तीनदा आलासा माझ्यापायी. जाहिरातीत लिवलंय तसंच — ती बघा, फोनच्या वर चिकटवल्या — ‘तक्रार करा, चोवीस तासांत माणूस दारात.’ खोटं कसं म्हनू? आमचा ल्योक जिनेंद्र चार वरसं दारात आला न्हाय, तुम्ही एका दिसात आलासा.

पर खरं सांगू? तक्रार मी केलीच नव्हती. आमची सेवा कशी वाटती म्हनून कंपनीच्या बाईचा फोन आल्ता — सौम्या म्हनून हाय, कानडी लई गोड बोलती — तिनं इचारलं, ‘तोंदरे एनु, तारामती अम्मा?’ तुला तरास काय हाय, असं मला कोन इचारतंय हो? ह्येनी गेल्यापास्नं कोनच न्हाय. मी आपलं सगळं सांगितलं — गुडघं दुखत्यात, दिवस बुडायच्या आत येकटीच जेवून घेतो, मग झोप येस्तोवर ह्या फोनाकडं बघत बसतो, कॅनडास्नं ल्योकाचा फोन येत न्हाय. तिनं त्यातलं एवढंच लिवून घेतलं — भायेरदेशचा फोन येत न्हाय. झाली तक्रार!

मग तुम्ही तार तपासलासा की मशीनचा फोन येतोय — काम झालं असंल तर एक दाबा, न्हायतर दोन. दोन दाबलं की सौम्या पुना फोन करती, पुना तसंच इचारती. म्हनून मी दोनच दाबतो — काय? तुमच्या नावावर चढतंय ते? सायेब जाब इचारतोय? — अगं बया, मला काय म्हाईत!

न्हाय न्हाय, आता एकच दाबतो. पर एक करा — तार चांगली हाय असं लिवू नगासा. थोडी बिघडल्या म्हना की. तार बिघडली असली तर त्यानं फोन केला असंल, मलाच लागला नसंल — व्हय का न्हाय?

थांबा, वाजला! — हॅलो, जिनेंद्रा? जिनू?

— मशीनच हाय.

हे बघा, दाबलं एक. आता सौम्या काय फोन करायची न्हाय. तुम्हीबी यायचं न्हाय. — ऱ्हाऊ द्या तो च्या, गार झाला. जावा, अंधार पडायच्या आत घर गाठा.