साहेबांची खुर्ची

— नाही नाही, असं पुढे वाकून नका बसू. कंबर मागे सरकवा, पाठीशी ही टॉवेलची गुंडाळी घ्या — घ्या हो, मी सहा आठवडे हेच करतोय — पाय जमिनीला, कोपरं खुर्चीच्या हातांवर... हां! झाली ना मान हलकी? डॉक्टर मॅडम आत बोलावतील तेव्हा बोलावतील, तोवर नीट तरी बसा. माझं विचाराल तर — विचारलं नाहीत, पण सांगतो — गाडी साहेबांची, चालवतायत साहेब, मी शेजारी. साहेब म्हणाले, सिग्नल पिवळा लागलाय, काढू का? मी मान डोलावली. बावीस वर्षं ऑफिसात दुसरं केलंय काय मी? तर मधेच त्यांनी कच्चकन ब्रेक दाबला, आणि मागून पाववाल्याची गाडी — धाड! साहेबांना साधा ओरखडा नाही. माझी मान मात्र पुढे गेली, मागे आली, ती थेट या पट्ट्यात.

पण खरी गंमत पुढेच. पट्टा घालून कामावर गेलो. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, सगळी कपाटं खिडकीसमोर लावायची, काय? — आणि माझी मान हलेना! साहेब थांबले. पुन्हा म्हणाले, काय? मी आपला ताठ. घाम फुटला हो त्यांना! म्हणाले, तुम्हाला पटत नसेल तर राहू दे. राहू दे! आता काहीही करायचं तर आधी मला विचारतात. डोकं टेकायला उंच पाठ हवी म्हणून स्वतःची खुर्ची दिली मला, आणि स्वतः बसतात स्टुलावर. घरी बायकोसुद्धा म्हणते, अहो, तुमचं मत काय? मत! माझं! शोधावं लागलं मला.

दुखतंय? छे! दोन आठवडे झाले, काही नाही. पण मॅडमना सांगू नका हं, आज पट्टा काढायचा म्हणतायत. मी ठरवलंय, मान हलवायचीच नाही, मेलो तरी. भीती वाटते हो, खरंच. पट्टा निघाला की मी पुन्हा तोच... थांबा, जरा सोडून ठेवतो, उकडतंय. काय म्हणालात? ‘नाही’ म्हणायला पट्टा कशाला, जीभ आहे ना? — वा! अगदी बरोबर, अगदी, अगदी — हसताय कशाला? मागे कोण?

अं... मॅडम. दारात कधीपासून उभ्या आहात? — दुखतंय ना, हो, हो हो, खूपच, फारच — काय? कोणाची मान हलतेय?

...बरं. येतो.